हरकतीचा रकाना

आमच्या ह्यांना गावात कुणी नावाने ओळखत नाही. सगळे 'इतिवृत्त' म्हणतात. नगरपालिकेच्या सभेत कोण काय बोललं ते लिहून ठेवायचं, एवढंच काम ह्यांनी एकतीस वर्षं केलं. अध्यक्षांच्या उजव्या हाताला, जरा मागे, एक छोटं टेबल. त्यावर वही, दोन पेनं आणि पाण्याचा पेला. सभागृहात हाणामारी झाली तरी ह्यांचं डोकं वर व्हायचं नाही. एकदा एका सभासदाने दुसऱ्याच्या अंगावर खुर्ची फेकली. ह्यांनी लिहिलं, 'खुर्चीची जागा बदलली.' शिव्या दिल्या तर लिहायचे, 'काही शब्द वापरण्यात आले.' मी विचारायची, अहो, कुठले शब्द? तर कान लाल करून गप्प बसायचे. घरातसुद्धा तोंडातून शिवी नाही. माझ्या तोंडात होत्या तेवढ्या दोघांना पुरल्या.

ह्यांचा एकच अभिमान होता. बोललं गेलं तेच लिहितो, एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही. पुढच्या सभेत पहिला विषय असायचा मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करण्याचा. म्हणजे हे वाचून दाखवणार, आणि ज्याला वाटेल की आपण असं बोललो नव्हतो, त्याने उठून सांगायचं. मग दुरुस्ती व्हायची. एका महाभागाने तर 'मी बसून बोललो असं लिहिलंय, मी उभा होतो' म्हणून दीड तास खाल्ला होता. हे घरी येऊन सांगत होते आणि मी पोट धरून हसत होते.

सभासद म्हणजे काय वर्णावे. तळे राखील तो पाणी चाखील, ही म्हण आमच्याच नगरपालिकेत जन्मली असावी. अध्यक्षांना लोक माइकराव म्हणत, कारण हातात माइक आला की तो दुसऱ्या कुणाला मिळायचा नाही. स्वतःच्या दारापर्यंत दोन-दोन नळ आणि लोकांना पाणी जपून वापरण्याचा उपदेश. मला त्या माणसाचा वीट आला होता. त्यात तलाव आटायला लागला. तीन महिने हे लोक सभेत एकमेकांची उणीदुणी काढत राहिले आणि तलाव तळाला गेला. शेवटी वरून हुकूम आला. सभागृह स्थगित, संकट संपेपर्यंत कारभार तज्ज्ञ मंडळाकडे.

खरं सांगते, मी साखर वाटायचीच तेवढी बाकी ठेवली होती. मंडळात तिघं होती. एक इंजिनियर, एक डॉक्टर आणि त्यांच्यावर प्रमुख म्हणून एक बाई. त्या सगळं आकड्यांत बोलायच्या, म्हणून आठवडाभरात त्यांचं नाव आकडेबाई पडलं. वेळेच्या पक्क्या. चहा स्वतःच्या पैशाने प्यायच्या. हे पहिल्या बैठकीहून आले तेव्हा चेहरा खुलला होता. म्हणाले, "बावीस मिनिटांत सगळं संपलं. कुणी ओरडलं नाही. वहीची दोनच पानं भरली."

"सुटलो म्हणायचं," मी म्हणाले. आगीतून निघून फुफाट्यात चाललोय हे तेव्हा कुठे कळत होतं.

आता माझ्या नणंदबाईंबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच आलं. ह्यांच्या थोरल्या बहीण त्या. वरच्या गल्लीत त्यांची लाँड्री. मोठी नव्हे हो, सिमेंटचे दोन हौद, पाणी तापवायची एक टाकी, कपडे पिळायचं एक जुनं यंत्र आणि मागे वाळत घालायच्या तारा. दोन दवाखान्यांच्या चादरी त्यांच्याकडे यायच्या. यजमान गेल्यापासून सोळा वर्षं त्या चादरींवर त्यांचं घर चाललं. हात बघितले तर बोटांची टोकं कायम पांढरी, सुरकुतलेली.

आणि त्यांचा एक शब्द होता, 'हरकत नाही'. कुणी उशिरा आलं, हरकत नाही. कुणी कपडे नेले आणि पैसे विसरलं, हरकत नाही. बसमध्ये पायावर कुणी पाय दिला तर हा शब्द त्याने माफी मागायच्या आधी यांच्या तोंडून बाहेर. यजमान गेले त्या दिवशी घरात बसायला जागा नव्हती, लोक म्हणाले आम्ही उभेच राहतो, तर त्या रडता रडता म्हणाल्या, हरकत नाही. मी कितीदा सांगितलं, ताई, कधी तरी हरकत असू द्या. तर हसून म्हणायच्या, "अगं, तोंडाला सवय झालीय."

मंडळाने हिशेब मांडला. वरच्या गल्लीला जाणारी जलवाहिनी साठ वर्षांची, जागोजागी फुटलेली, शंभरातलं चाळीस पाणी जमिनीत जातं. ती बंद करायची आणि वरच्या चारशे घरांना टँकर द्यायचा. पण कायद्यात एक कलम होतं. ज्यांचं पाणी बंद होणार त्यांना आधी बोलावून ऐकायचं. त्यांनी हरकत घेतली तर पुन्हा सुनावणी घेतल्याशिवाय वाहिनीला हात लावायचा नाही.

तर सुनावणी ठेवली, शाळेच्या सभागृहात, सकाळी अकराला. लोकांच्या कामाच्या वेळी ठेवल्यावर येणार कोण? वरून चौदा माणसं उतरली. त्यात गल्लीतला न्हावी होता, आणि दुकान शेजारणीवर सोपवून आलेल्या नणंदबाई होत्या. पुढच्या बाकावर बसल्या, कारण भाऊ समोर टेबलाशी बसला होता. भिंतीवर चित्रं दाखवायचं मशीन चालू होईना. आकडेबाई अगदी नम्रपणे म्हणाल्या, "मशीनला दहा मिनिटं लागतील. थांबावं लागेल, चालेल ना?"

आणि नणंदबाई सगळ्यांच्या वतीने म्हणाल्या, "हो हो, हरकत नाही."

मग मशीन चालू झालं आणि पाऊण तास आलेख. लाल रेघ, निळी रेघ, घनमीटर, टक्के. लोक माना हलवत बसले, कारण समजत नाही म्हणायची लाज वाटते. न्हाव्याने तेवढं धीर करून विचारलं, "पण बाई, नळाला पाणी येणार का नाही?" त्यावर बाई म्हणाल्या, "ते पुढच्या भागात येतंय." पुढच्या भागात परत रेघा आल्या. मग वेळ संपली. बाईंनी सगळ्यांचे आभार मानले आणि लोक डोंगर चढून घरी गेले.

मंडळाने तोवर वही बंद केली होती. संगणकावर छापील नमुना भरायचा. त्यात एक रकाना, 'उपस्थितांची हरकत', आणि त्यापुढे निवडायला दोनच शब्द, आहे किंवा नाही. रिकामा ठेवला तर नमुना पुढे सरकत नाही. ह्यांनी आपल्या टिपणाच्या कागदात शोधलं. अख्ख्या सुनावणीत 'हरकत' हा शब्द एकदाच उच्चारला गेला होता.

हे आकडेबाईंकडे गेले. म्हणाले, "हे वाक्य मशीनसाठी थांबण्याबद्दल होतं."

"बरं. मग पाणी बंद करण्याबद्दल कुणी हरकत घेतली?"

"नाही. पण एकाने विचारलं की..."

"तो प्रश्न झाला. प्रश्न हरकतीत धरत नाहीत."

"हो, पण बाई..."

"हे बघा, 'पण'साठी रकाना नाही," बाई म्हणाल्या. रागाने नव्हे. ह्यांना वाटलं, बिचारीला झोप मिळाली नसावी.

तर ह्यांनी 'नाही' निवडलं. खाली आणखी एक रकाना होता, कोण बोललं. तिथे सख्ख्या बहिणीचं नाव लिहिलं. संध्याकाळी जेवताना मला हे सांगितलं, जसं काही डाळ महागली हे सांगावं.

"आणि तुम्ही लिहिलंत?" मी म्हणाले.

"बोललं गेलं तेच लिहिलं."

माझा हातातला घास हातात राहिला. या माणसाच्या प्रामाणिकपणाची मला पहिल्यांदा किळस आली. दगडसुद्धा पायाखाली आला तर ठेच लागल्याचं कळवतो.

सोमवारी वाहिनी बंद झाली. टँकर यायला लागला. मोबाइलवर वेळ कळायची, आणि वेळेवर यायचाही, खोटं कशाला बोलू. पण वरच्या गल्लीचं वळण एवढं अरुंद की तो वर चढेचना. मंडळाच्या नकाशात रस्ता होता, रुंदी नव्हती. टँकर खाली उभा राहणार आणि लोकांनी चौऱ्याऐंशी पायऱ्या चढून पाणी न्यायचं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. घरटी सहा बादल्या. सहा बादल्यांत साठ चादरी कशा धुवायच्या? पंधरा दिवसांत दोन्ही दवाखान्यांनी चादरी दुसरीकडे दिल्या. नणंदबाईंचे हौद कोरडे पडले. एकात त्यांनी सरपण भरून ठेवलं.

तेवढ्यावर भागलं असतं तर त्यांनी तेही निभावून नेलं असतं. पण न्हावी नगरपालिकेत विचारायला गेला आणि तिथे त्याला नमुन्याची छापील प्रत मिळाली. हरकत, नाही. कोण बोललं, पुढे नाव. ती प्रत गल्लीत घरोघर फिरली. भाऊ नगरपालिकेत, बहीण पुढच्या बाकावर, मग काय, लोकांनी दोन आणि दोन पाच केले. काल-परवापर्यंत ज्यांच्या बाळंतपणातले कपडे यांनी फुकट धुतले, त्या बायका समोरून जाताना तोंड फिरवायला लागल्या. शेजारीण एका सकाळी रिकामी बादली यांच्या दारात आपटून गेली. टँकरच्या रांगेत कुणी यांना पुढे घेईना, बादली उचलायला हात देईना. एकसष्ट वर्षांची बाई, गुडघे गेलेले, अर्धी बादली घेऊन पायरी पायरी चढायची.

मी भेटायला गेले तर म्हणाल्या, "पाण्याचं मी काहीतरी करीन गं. पण मी असं बोलले नव्हते, एवढं कुणीतरी सांगायला हवं. मी सांगून कोण ऐकतंय? जिथे लिहिलंय तिथेच खोडायला हवं."

घरी येऊन मी ह्यांच्यावर तोंडसुख घेतलं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत तुम्ही, म्हणाले. दुसऱ्या दिवशी हे पुन्हा आकडेबाईंकडे गेले. दुरुस्ती कशी करायची विचारलं.

"नोंद चुकीची आहे का? ते शब्द उच्चारले गेले नव्हते का?"

"उच्चारले गेले होते."

"मग दुरुस्ती कशाची? आणि सही झाली की नमुना बंद होतो. पूर्वीसारखं पुढच्या सभेत कायम करायची पद्धत आता नाही. त्यात वेळ जातो." मग बाई जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "चारशे घरांसाठी चाळीस हजार लोकांचं पाणी गळू द्यायचं का, तुम्हीच सांगा."

हे तसेच परत आले. गळती खरी होती. हिशेब बरोबर होता. त्या बाईने एक पैसा खाल्ला नाही, एका नातेवाइकाला नळ दिला नाही. म्हणूनच जास्त संताप येतो. शिव्या घालाव्यात तर कुणाला? चोराला शिवी लागते, हिशेबाला लागत नाही. पण गळणारी वाहिनी बंद करताना, माणसं 'चालेल' म्हणाली असं खोटं कशाला लिहायचं? लिहा ना सरळ, लोक नको म्हणत होते, आम्ही तरी केलं. ते लिहायची मंडळाची छाती नव्हती, आणि ते लिहायला त्यांच्याकडे रकानाही नव्हता.

याच सुमारास माइकराव उगवले. सभागृह बंद पडल्यापासून त्यांना कामधंदा नव्हता. नणंदबाईंच्या लाँड्रीत आले, सोबत फोटोवाला. त्यांना रिकाम्या हौदाशी उभं केलं, सरपण बाहेर काढायला लावलं, आणि स्वतः त्यांच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. "ताई, मी तुमचा धाकटा भाऊ. सभागृह परत येऊ दे, पहिल्याच सभेत तुमच्या नावावरचा डाग पुसतो. दुरुस्ती मी मांडणार. लगेच पुन्हा सुनावणी, वाहिनी चालू." तो फोटो चौकाचौकांत लागला. नणंदबाई त्यात घाबरलेल्या दिसत होत्या. मला त्या माणसाच्या हाताची शिसारी आली, पण म्हटलं, करू दे नाटक. काम झालं म्हणजे झालं. मी पण तशीच निघाले, बघा.

तलाव भरला. संकट संपल्याचं जाहीर झालं, आकडेबाई आल्या तशा एक बॅग घेऊन निघून गेल्या. सभागृह परत भरवायचा हुकूम आला. पहिलाच विषय, मंडळाच्या काळातील सर्व नोंदी कायम करणे. म्हणजे दुरुस्ती मांडायची तर हीच वेळ. एकदा कायम झालं की जुनी वाहिनी कायमची गेली, आणि नणंदबाईंचं ते वाक्यही कायमचं राहिलं. ह्यांनी आदल्या दिवशी दुरुस्तीचा मजकूर स्वतःच्या हाताने लिहिला, चार ओळी, कलमासकट. सकाळी नेऊन माइकरावांच्या हातात दिला. त्यांनी डोळ्यांना लावला, "अहो इतिवृत्त, काळजी सोडा" म्हणाले.

सभा बघायला मी गेले. नणंदबाईंना यायचं होतं, पण टँकरची वेळ नेमकी तीच. सोडला असता तर दोन दिवस पाणी नाही. मी प्रेक्षकांच्या बाकावर बसले. समोर पाटी, 'प्रेक्षकांनी बोलू नये'.

माइकरावांनी माइक हातात घेतला. संकटात जनतेने दाखवलेल्या धैर्याबद्दल वीस मिनिटं बोलले. मग म्हणाले, "विषय एक. मंडळाच्या काळातल्या नोंदी. वाचल्या असं समजून कायम करायच्या का?"

सगळ्यांनी टेबलं बडवली. एवढंच. मी मनातल्या मनात दहापर्यंत मोजलं असेल नसेल. दुरुस्तीचा कागद त्यांच्या चहाच्या कपाखाली होता, त्यावर गोल डाग पडलेला मला बाकावरून दिसत होता.

तेव्हा हे उभे राहिले. एकतीस वर्षांत सांगितल्याशिवाय हा माणूस त्या खोलीत कधी उभा राहिला नव्हता. हातात पेन, तोंड उघडं. मी मनात म्हटलं, बोला, अहो बोला एकदाचं.

माइकरावांनी मागे वळून बघितलं. "काय हो, पाणी हवंय?"

दोघं-तिघं हसले. हे खाली बसले. वही ओढली आणि लिहिलं, 'कायम'.

आणि मी? पाटीखाली बसून राहिले. जन्मभर जिच्या तोंडाला कुलूप नाही म्हणतात, ती मी. मला आधी माइकरावांची घाण वाटली, मग ह्यांची, आणि मग जिना उतरताना माझी स्वतःची.

खाली व्हरांड्यात मी माइकरावांना गाठलं. म्हणाले, "वहिनी, तुम्हीच बघा. वरचं पाणी आता खालच्या नव्या वसाहतीला जातंय. जोर चांगला आलाय, लोक खूश आहेत. वर मतं किती, खाली किती? आणि निर्णय काय आम्ही घेतला? तज्ज्ञांनी घेतला. शिकल्यासवरल्या माणसांच्या कामात आपण अडाण्यांनी कशाला हात घालायचा?" असं म्हणून नमस्कार करून गाडीत बसले. ज्या मंडळाला सहा महिने शिव्या घातल्या, त्याच्याच पाठीमागे लपले, आणि किती आरामात.

आम्ही दोघं घरी आलो तर नणंदबाई आमच्या दाराच्या पायरीवर बसलेल्या. बादल्या वर पोचवून, चौऱ्याऐंशी पायऱ्या पुन्हा उतरून आल्या होत्या. मुंग्या आलेले पाय चोळत होत्या. ह्यांना बघून उठल्या.

"झाली का रे दुरुस्ती?"

हे चपला काढत होते. एक काढली, दुसरी पायातच. वर न बघता म्हणाले, "झाली."

"वाचून दाखवलंस सगळ्यांसमोर? मी मशीनबद्दल बोलले होते, असं?"

"हो."

जन्मात एक शब्द इकडचा तिकडे न केलेला माणूस तो. नणंदबाईंना शंका यायचं कारणच नव्हतं. त्यांनी दोन्ही हात तोंडावर धरले आणि लहान मुलीसारख्या रडल्या. मग डोळे पुसले, म्हणाल्या, चहा नको, आधी वर जाऊन सगळ्यांना सांगते. न्हाव्याला सांगते, शेजारणीला सांगते. "नगरपालिकेत जाऊन बघा म्हणते, आता लिहिलंय तिथे." मी तोंड उघडलं होतं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी ते मिटलं. त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडून मी परत आले. हे अजून एक चप्पल घालून तसेच दारात बसले होते.